खरखरीत आणि गुळगुळीत : यंत्राला स्पर्श शिकविण्याचा इतिहास



डोळ्यांनी पाहिलेले साठवून ठेवण्याची विद्या माणसाला १८३९ साली साधली. त्या वर्षी फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची कृती जगापुढे आली. कानांनी ऐकलेले साठविण्याची विद्या १८७७ साली एडिसनच्या फोनोग्राफने दिली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि आपल्या मराठी मुलखालाही हलत्या चित्रांची गोडी लागली. आज घरोघर आजोबांचे छायाचित्र भिंतीवर असते. कोणाकोणाकडे त्यांचा आवाजही जपून ठेवलेला असतो. पण आजोबांच्या तळहाताचा राठपणा? आजीच्या गोधडीचा मऊपणा? तो कोणत्या पेटीत ठेवला आहे? डोळा आणि कान यांची सेवा यंत्राने शे-दीडशे वर्षांपूर्वीच पत्करली; त्वचा मात्र मागे राहिली. ती का मागे राहिली, आणि अलीकडच्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकाच्या साहाय्याने तिची बाजू कोणी कशी उचलून धरली, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

विषय परका वाटेल. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना तो परका नाही, असे माझे म्हणणे आहे. या मुलखाचा अर्धा व्यवहार हाताच्या पारखीवर उभा राहिला. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले, माळरानावर ऊस उभा राहिला आणि उसामागोमाग गुऱ्हाळे आली. काहिलीतला पाक कधी उतरावयाचा, हे गुळव्या घड्याळ पाहून ठरवीत नसे. उकळत्या पाकाचा थेंब तो गार पाण्यात टाकी आणि बोटांनी त्याची गोळी वळून पाही. गोळी कशी वळते, किती चिवट लागते, यावर सबंध काहिलीचे भवितव्य ठरे. पुढे ढेप पेठेत आली, की व्यापारी तिचा रंग पाही, चव घेई आणि फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवून रवा पाही. रवाळ गूळ आणि चिकट गूळ यांच्या भावात फरक पडे, आणि तो फरक अंगठा सांगे.

शेतकऱ्याचेही तसेच. पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडल्यावर रानाला वाफसा आला की नाही, हे तो मूठभर माती दाबून पाहतो. मुठीत ढेकूळ बांधले गेले आणि खाली टाकताच फुटले, तर वाफसा आला. बोटांना चिकटून राहिले, तर थांबावयाचे. मेंढपाळ धनगरांच्या लोकरीची घोंगडी विणणारा सनगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतो, तेव्हा ती पुरेशी बसली की नाही हे सुतावरून हात फिरवूनच त्याला कळते. शेठ वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले. तेथे आधी साखर निघाली आणि पुढे अवजड यंत्रे घडू लागली. अणुवीज केंद्रांचे भाग आणि अवकाशयानाच्या अग्निबाणांची कवचेही तेथे तयार झाली. कोणत्याही यंत्रशाळेत जा. मोजमापाची साधने हाताशी असतानाही जुना फिटर दोन भागांच्या सांध्यावरून एकदा नख फिरवतो. जी पायरी डोळ्याला दिसत नाही, ती नखाला अडते.

ही सारी विद्या शब्दांत उतरली आहे, आणि मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. खरखरीत, खडबडीत, भरड, रवाळ, राठ, तलम, मऊसूत, लुसलुशीत, भुसभुशीत, बुळबुळीत, गुळगुळीत, टणक. यांतल्या कितीतरी शब्दांत एकच नाद पुनःपुन्हा येतो, हे आपल्या ध्यानात आले असेल. खर-खर, गुळ-गुळ, भुस-भुस. ही नुसती गंमत नव्हे. बोट खरखरीत वस्तूवरून सरकते, तेव्हा एकच लहानसा धक्का त्याला पुनःपुन्हा बसतो, आणि भाषेने तो धक्का जसाच्या तसा उच्चारात घेतला आहे. शास्त्रज्ञांना जे प्रयोगाने सिद्ध करावे लागले, त्याची चाहूल बोलीला आधीच लागली होती.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या जुन्या ग्रंथकारांनी स्पर्शाचा विचार केला नव्हता, असे नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त स्पर्शाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. म्हणजे वर्गवारी झाली ती उष्णतेची. खरखरीतपणा या तिन्हींत मावत नाही. वैद्यांची गरज वेगळी होती. त्यांना रोग्याची त्वचा आणि औषधाचे चूर्ण हाताने पारखावे लागे. म्हणून चरकसंहितेतील गुणांच्या वीस नावांत मृदु आणि कठिण, श्लक्ष्ण आणि खर या जोड्या आल्या आहेत. श्लक्ष्ण म्हणजे गुळगुळीत, खर म्हणजे खरखरीत. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटललाही हीच अडचण आली. इतर इंद्रियांना प्रत्येकी एकेकच द्वंद्व पुरेसे दिसते. स्पर्शाला मात्र गरम-थंड, कोरडे-ओले, कठीण-मऊ अशी अनेक द्वंद्वे लागतात, मग स्पर्श हे एक इंद्रिय की अनेक, असा प्रश्न त्याने उभा केला. प्रश्न उत्तम होता. उत्तर यावयाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

ते उत्तर शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुरू झाले. लाइप्झिगच्या अर्न्स्ट हाइनरिख वेबर याने १८३४ साली स्पर्शावर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे हत्यार म्हणजे साधा कंपास. कंपासाची दोन टोके त्वचेवर टेकवावयाची आणि ती दोन वाटतात की एक, हे विचारावयाचे. बोटाच्या टोकाला दोन मिलिमीटर अंतरही दोन म्हणून कळते. पाठीवर ती टोके कित्येक सेंटिमीटर दूर न्यावी लागतात. वेबरचा दुसरा शोध अधिक महत्त्वाचा ठरला. हातातल्या वजनात झालेला बदल कळावयाचा, तर तो मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असावा लागतो. हे प्रमाण साधारणपणे तीस-चाळिसाव्या भागाचे असते. किलोभर गुळात दहा ग्रॅम घातले तर हाताला पत्ता लागत नाही. चाळीस ग्रॅम घातले तर लागू शकतो. तराजू ग्राम-ग्राम मोजतो, हात प्रमाण मोजतो. हा नियम ध्यानात ठेवावा. तो आपल्याला पुढे पवईच्या प्रयोगशाळेत पुन्हा भेटणार आहे.

त्याच सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेतली ज्ञानतंतूंची टोके दिसू लागली. इटलीच्या पाचिनीने आणि जर्मनीच्या माइस्नरने वर्णन केलेली सूक्ष्म पुटे आजही त्यांच्या नावांनी ओळखली जातात. पाचिनीची पुटे कंपने टिपतात, आणि सेकंदाला अडीचशेच्या आसपास येणारी कंपने त्यांना सर्वांत चांगली कळतात. दाबामुळे ज्ञानतंतूत विजेची लहर उठविणारी प्रथिने तर अगदी अलीकडे सापडली. त्या शोधाबद्दल आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ साली डेव्हिड ज्युलियस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु खरखरीतपणाचे मर्म सांगितले ते डेव्हिड कात्झ या मानसशास्त्रज्ञाने. त्याचा स्पर्शसृष्टीवरील ग्रंथ १९२५ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. कात्झ निरनिराळे कागद लोकांच्या हाती देई आणि डोळे बांधून ते ओळखावयास लावी. त्याच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. पहिली अशी, की बोट नुसते टेकवून ठेवले तर पृष्ठभागाचा पोत नीट कळत नाही. बोट हलले पाहिजे. दुसरी अशी, की बोट वस्तूला न लावता मध्ये काडी धरली, तरी खरखरीत काय आणि गुळगुळीत काय हे कळते. काडीतून पृष्ठभागाचा आकार येत नाही. येतात ती फक्त कंपने. म्हणजे बारीक पोत हा जागेत जितका असतो, तितकाच काळात असतो. पुढच्या संशोधकांनी यात भर घातली, की जाड पोत बोटाखालच्या दाबाच्या नकाशावरून कळतो आणि बारीक पोत कंपनांवरून. कात्झ ज्यू होता; १९३३ साली नाझी राजवटीने त्याला अध्यापकपदावरून काढले. तो आधी इंग्लंडात व मग स्वीडनमध्ये गेला. त्याचे काम जगापुढे यावयाला त्यामुळे उशीर झाला.

कात्झच्या काडीचा अर्थ एकदा कळला, की पुढची वाट दिसू लागते. पोत काडीतून येत असेल, तर काडीच्या दुसऱ्या टोकाला खरी वस्तू असलीच पाहिजे काय? एखाद्या यंत्राने काडी तशीच हलविली, तर हात फसेल की नाही?

या प्रश्नापर्यंत पोचण्यापूर्वी कारखान्यांनी वेगळीच वाट धरली होती. १९४१ साली इंग्लंडातील टेलर-हॉब्सन कंपनीने ‘टॅलीसर्फ’ नावाचे यंत्र बाजारात आणले. ग्रामोफोनच्या सुईप्रमाणे हिऱ्याची बारीक सुई धातूच्या पृष्ठभागावरून सरकते आणि तिची वरखाली हालचाल कागदावर रेषेने उमटते. खरखरीतपणा आकड्यांत आला. पण हे अर्धेच काम झाले. तबकडीवर गाणे कोरले, परंतु कर्णा लावलाच नाही, अशातली ही गोष्ट. यंत्राने पोत वाचला. तो माणसाच्या हाताला परत दिला नाही.

परत देण्याची सुरुवात भीतीपोटी झाली. अमेरिकेत शिकागोजवळ आरगॉन येथील प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थ हाताळावे लागत. माणसाने जाड भिंतीच्या अलीकडे बसावे आणि पलीकडे यंत्राच्या हाताने काम करावे, अशी योजना रेमंड गोर्ट्झ याने केली. १९५४ साली त्याने विजेवर चालणारा असा जोडहात तयार केला, की पलीकडच्या हाताला वस्तू अडली म्हणजे अलीकडच्या माणसालाही ती अडल्यासारखी लागे. १९६५ साली आयव्हन सदरलँड या संगणकशास्त्रज्ञाने पुढचे पाऊल विचारात टाकले. संगणकाने चित्र दाखविण्यावर थांबू नये, चित्रातल्या वस्तूचा स्पर्शही द्यावा, असे त्याने एका छोट्याशा लेखात मांडले. १९६७ पासून उत्तर कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ते मनावर घेतले. आरगॉनचाच एक यांत्रिक हात त्यांनी संगणकाला जोडला आणि औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसतो, हे रसायनशास्त्रज्ञांना हाताने चाचपून पाहता येईल अशी सोय केली. पलीकडे आता भिंतही नव्हती आणि वस्तूही नव्हती. होते ते केवळ गणित.

आणि मग १९९० साली खरखरीतपणाची पाळी आली. मार्गारेट मिन्स्की या संशोधिकेने ब्रुक्स आदी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या प्रयोगाचे नाव मोठे घरगुती आहे : ‘सँडपेपर’, म्हणजे आपला सुताराचा पॉलिश कागद. साधन म्हणजे खेळात वापरतात तसली एक उभी दांडी, म्हणजे जॉयस्टिक. फक्त तिला मोटारी जोडलेल्या. ही दांडी पुढे-मागे आणि डावी-उजवी एवढीच हलते. वर-खाली तिला हलताच येत नाही. तरीही ती धरून फिरविणाऱ्याला हाताखाली उंचवटे आणि खाचा लागत.

हे कसे झाले? उसाच्या रानात सरी-वरंबे आडवे तुडवीत चाललेला गडी डोळ्यांपुढे आणा. वरंबा चढताना त्याला मागे रेटा बसतो; उतरताना तो आपोआप पुढे ढकलला जातो. मिन्स्कींच्या संगणकात असेच सूक्ष्म सरी-वरंब्यांचे रान आकड्यांत मांडलेले होते. दांडी चढणीवर आली, की मोटार तिला मागे रेटी. उतरणीवर आली, की पुढे ओढी. रेटा सगळा आडवा. उंची कोठेच नाही. पण मनाचा आयुष्यभराचा अनुभव असा, की मागचा रेटा म्हणजे चढ आणि पुढची ओढ म्हणजे उतार. म्हणून मन आपणच उंची निर्माण करी. आकडे बारीक केले, की बारीक पॉलिश कागद. मोठे केले, की जाड. आडव्या रेट्याचा जोर जितका अधिक, तितका पृष्ठभाग लोकांना अधिक खरखरीत वाटतो, हे मिन्स्कींनी पुढे मोजून दाखविले. त्यांचा प्रबंध १९९५ साली मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यापीठात पूर्ण झाला.

कोणी म्हणेल, ही हातचलाखी झाली. पण २००१ साली रोब्लेस-दे-ला-तोरे आणि व्हिन्सेंट हेवर्ड या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याने हा आक्षेप मोडून काढला. त्यांनी खराच खड्डा घेतला आणि त्यावरून बोट जात असताना यंत्राने उंचवट्याचा रेटा दिला. बोट प्रत्यक्ष खाली जात होते, आणि माणसे सांगत होती, की उंचवटा लागला! म्हणजे आकार ओळखताना मन उंचीपेक्षा रेट्यावर अधिक विश्वास ठेवते. ही यंत्राची लबाडी नव्हे. हाताचा मूळ स्वभावच तो.

यात एक अडचण मोठी होती, ती वेगाची. डोळा भोळा आहे. सेकंदाला चोवीस चित्रे दाखविली, की तो हलते दृश्य मानतो. हात तसा फसत नाही. कठीण वस्तू कठीण वाटावयाची, तर संगणकाने सेकंदाला सुमारे हजार वेळा हिशेब करून रेटा बदलावा लागतो. त्यात कसूर झाली, तर दगड लोण्यासारखा लागतो किंवा दांडी थरथरू लागते. १९९० च्या सुमारापर्यंत स्पर्श मागे का राहिला, याचे एक उत्तर येथे मिळते. दुसरे उत्तर असे, की डोळा आणि कान नुसते घेतात. हात घेतो आणि देतोही. चित्र पाहिल्याने चित्र हलत नाही. वस्तू चाचपली की वस्तू उलट रेटा देते. हे देणेघेणे साधल्यावाचून स्पर्शाची पेटी तयार होत नाही.

पुढचा इतिहास वेगाने घडला. त्याच तंत्रविद्यापीठात टॉमस मॅसी आणि केनेथ सॉल्सबरी यांनी १९९३-९४ साली ‘फँटम’ नावाचे साधन केले. बोटात शिंप्याचे अंगुस्तान घालावे आणि ते एका हलक्या यांत्रिक हाताला जोडलेले असावे, असे त्याचे रूप होते. बोट हवेत फिरविले, की नसलेल्या वस्तूचा पृष्ठभाग लागे. भारतात शिकलेले मंडयम श्रीनिवासन यांनी १९९० साली तेथेच स्पर्शाची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली होती. २९ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेतील एका माणसाने आणि लंडनमधील दुसऱ्याने, अटलांटिक महासागर मध्ये असताना, एकच काल्पनिक ठोकळा दोघांनी मिळून उचलला. एकाने रेटले, की दुसऱ्याला जाणवत होते.

यानंतर व्यापाऱ्यांनी ही विद्या घरच्या टेबलावर आणण्याचा प्रयत्न केला. १९९९ साली लॉजिटेक कंपनीने रेटा देणारा माऊस विकावयास काढला, आणि २००० साली ‘आयफील’ नावाचा थरथरणारा माऊस काढला. पडद्यावरील बाण एखाद्या चित्राच्या कडेवरून गेला, की तळहाताला बारीक थरथर लागे. लोकांनी कौतुकाने घेतला आणि थोड्या दिवसांत विसरून गेले. कारण उघड होते. थरथर सबंध तळहाताला मिळे. पोत ओळखते ते बोटाचे टोक. खेरीज ज्याला पडदा दिसतो आहे, त्याला ही थरथर पाहुण्यासारखी. आली तरी चालते, न आली तरी अडत नाही. मोबाईलच्या काचेसाठी वेगळी युक्ती निघाली. १९५३ साली अमेरिकेतील मॅलिंक्रॉट याच्या ध्यानात आले होते, की विजेचा दिवा चालू असताना पितळी झाकणावरून बोट फिरविले, तर ते एरवीइतके गुळगुळीत लागत नाही. विजेच्या ओढीने बोट पृष्ठभागाला किंचित चिकटते, हे त्याचे कारण. २०१० साली डिस्नीच्या प्रयोगशाळेने याच तत्त्वावर सपाट काचेवर निरनिराळे पोत उमटवून दाखविले.

आणि ग्रामोफोनची उपमा अखेरीस खरी ठरली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरिन कुचेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली १०० पृष्ठभागांचा स्पर्शसंग्रह सर्वांना खुला केला. कागद, कापड, लाकूड, दगड यांवरून लेखणीसारखी काडी फिरवावयाची, काडीची कंपने नोंदवावयाची, आणि तीच कंपने दुसऱ्या काडीतून सपाट पृष्ठभागावर पुन्हा द्यावयाची. कात्झची काडी एकोणनव्वद वर्षांनी तबकडी झाली.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येचे ठाणे पवईला, १९५८ साली स्थापन झालेल्या आयआयटीत आहे. तेथे प्राध्यापक सुभाषिस चौधरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दोन दिशांनी काम केले. एक वेबरच्या नियमाचे. स्पर्श दूर पाठवावयाचा, तर सेकंदाला हजार निरोप धाडावे लागतात. पण हाताला जो बदल कळणारच नाही, तो निरोप धाडावा कशाला? कोणता बदल कळतो आणि कोणता नाही, याचा शोध घेणारा चौधरी आणि अमित भारद्वाज यांचा ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. लाइप्झिगच्या वेबरने १८३४ साली घातलेले कोडे पवईत अशा रीतीने कामाला आले.

दुसरी दिशा मला अधिक मोलाची वाटते. २०१२ साली या मंडळींनी सांस्कृतिक वारशाच्या वस्तूंना संगणकाद्वारे स्पर्श कसा करावा, यावर निबंध वाचला. वस्तू लहान असो की देवळाएवढी मोठी असो, तिची ठिपक्याठिपक्यांनी मापे घ्यावयाची आणि ती हाताला लागेल अशा रूपात आणावयाची. आणि हे मुख्यतः कोणासाठी, तर अपंगांसाठी, असा त्यांचा उद्देश होता. संग्रहालयात ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी आपण सहज वाचतो आणि पुढे जातो. ज्याला दिसत नाही, त्याला ती पाटी म्हणजे बंद दरवाजा आहे.

येथे या इतिहासाचे खरे मोल कळते. लुई ब्रेलने १८२९ साली आपली सहा ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली आणि बोटाला वाचन दिले. मुंबईत १९०० साली ॲना मिलर्ड यांनी अंधांची शाळा काढली. पुण्यात १९३४ साली अंधशाळा निघाली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली आणि मराठी अक्षरे ठिपक्यांत बसली. पुढे संगणक आला. तो केवळ अक्षरे दाखवीत होता, तोवर अंध माणसाला ती आवाजातून ऐकता येत. मग चित्रांचा आणि माऊसचा पडदा आला. डोळसांना तो सोपा वाटला, परंतु अंधांना एका रात्रीत परका झाला. डोळसांनी जो थरथरणारा माऊस खेळणे म्हणून टाकून दिला, तशाच साधनाकडे अंध विद्यार्थी आलेख, नकाशा आणि भूमितीची आकृती चाचपण्याचे साधन म्हणून पाहतो. एकाच वस्तूची किंमत दोन हातांत इतकी वेगळी असते. तेव्हा हे शोध कोणासाठी लावावयाचे, हा प्रश्न तंत्राचा नसून नीतीचा आहे.

आता मर्यादाही सांगितली पाहिजे. आजचे यंत्र काडीचा स्पर्श बऱ्यापैकी देते; उघड्या बोटाचा नव्हे. बोटाला पोताबरोबर ऊब, ओल, चिकटपणा, मऊपणा हे सारे एकदम लागते. २०१३ साली स्वीडनमधील प्रयोगात असे दिसले, की अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक माणसाच्या बोटाला कळतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! अशा पारखी इंद्रियाची नक्कल एका मोटारीने व्हावी, ही अपेक्षा आज तरी धरता येत नाही.

म्हणूनच काही जण विचारतील, की मग खटाटोप कशाला? खरा गूळ आहे, खरी माती आहे, खरे घोंगडे आहे. हात लावावा आणि पाहावे. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते वस्तू आणि पारखी माणूस दोन्ही असेपर्यंतच. गुऱ्हाळांपैकी कितीतरी साखर कारखान्यांपुढे मिटली. घोंगडी विणणारे हात थोडे राहिले. २०२४ साली बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धीचा वापर सुरू केला. जमिनीत रोवलेली साधने ओलावा मोजतात, उपग्रह वरून पीक पाहतो आणि शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला मिळतो. हे स्वागतार्हच आहे. पाणी वाचले आणि ऊस वाढला, तर कोणाला नको आहे? पण ओलाव्याचा आकडा म्हणजे वाफसा नव्हे. आकडा हा टॅलीसर्फच्या रेषेसारखा आहे. तो वाचतो, हाताला परत देत नाही. आकड्यावर विसंबलेल्या पुढच्या पिढीने मूठ दाबून पाहणे सोडले, तर आकडा चुकल्याचे तिला कळणार कशावरून? यंत्राची परीक्षा करणारा हात यंत्राआधी नाहीसा होऊ नये, एवढीच माझी काळजी आहे.

यावर उपाय आपल्या आवाक्यातले आहेत. पहिला उपाय अगदी बिनखर्चाचा. गुळव्या, सनगर, फिटर, बैलांची खांदेमळणी पाहिलेला म्हातारा शेतकरी यांच्याजवळ बसून, ते हाताने काय पारखतात आणि त्याला कोणते शब्द वापरतात, हे शाळेच्या मुलांनी वहीत लिहून घ्यावे. यंत्र पोत नोंदवील, पण तो ‘रवाळ’ की ‘चिकट’ हे माणसानेच सांगावे लागते. दुसरा उपाय आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा. मिन्स्कींनी १९९० साली ज्यासाठी मोठी प्रयोगशाळा वापरली, त्याचा गाभा आज दोन लहान मोटारी, एक दांडी आणि एक स्वस्त संगणक-पट्टी यांवर विद्यार्थ्यांना उभारता येण्याजोगा आहे. तिसरा उपाय असा, की हे साधन तयार झाले, म्हणजे त्याची परीक्षा प्रथम अंध विद्यार्थ्याच्या हातून करून घ्यावी. डोळस माणूस कौतुक करील; अंध माणूस दोष सांगेल, आणि साधन सुधारते ते दोष कळल्यामुळे.

छायाचित्र आले म्हणून डोळे निकामी झाले नाहीत. उलट पाहावे कसे हे त्याने अनेकांना शिकविले. तबकडीने गाणे घरोघर नेले आणि चांगल्या गळ्याची पारख वाढविली. स्पर्शाच्या यंत्राचेही असेच व्हावयाचे असेल, तर ज्यांच्या हाताला आज पारख आहे, त्यांना या कामात प्रथम बोलावले पाहिजे. ती माणसे दूर नाहीत. सभागृहात आपल्या शेजारी जे वडीलधारे बसले आहेत, त्यांच्या हाताकडे एकदा पाहावे. या इतिहासाचे पुढचे पान तेथून लिहिता येईल.